डाव्या वळणावर ओढणारी गाडी: स्टिअरिंग अँगल सेन्सरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी पाच आसनी हॅचबॅक. पाच वर्षं जुनी, ६२,००० किलोमीटर चाललेली, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) असलेली. मॉडेलचं नाव देत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. मालकीणबाई कराडच्या एका शाळेत शिकवतात, माहेर चिपळूणला. महिन्यातून दोन-तीन शनिवारी त्या पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट करून माहेरी जातात आणि रविवारी संध्याकाळी परत येतात. गाडी बहुतेक वेळा त्या एकट्याच चालवतात. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

मी कराडजवळ गॅरेज चालवतो. माझं मूळ काम गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं, त्यामुळे डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे जे दिवे आसपासच्या मेकॅनिकांना सुटत नाहीत, ते शेवटी माझ्याकडे येतात. हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण यात बऱ्याच जणांनी हात घातला आणि सगळ्यांनीच, मी धरून, कधी ना कधी चुकीच्या जागी बोट ठेवलं. नुसता दिवा घालवून विषय संपला असता, तर एक वाकलेला टाय रॉड (स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा) घेऊन त्या बाई पावसाळाभर घाट उतरत राहिल्या असत्या.

सेन्सर नेमकं काय मोजतो

ईएसपीला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. ड्रायव्हरला कुठे जायचंय, आणि गाडी खरंच कुठे चाललीय? पहिल्याचं उत्तर स्टिअरिंग किती अंश फिरवलंय आणि चाकांचा वेग किती, यावरून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर यॉ सेन्सर देतो, म्हणजे गाडी स्वतःभोवती सेकंदाला किती अंश वळतेय ते. दोन उत्तरांत फार अंतर पडलं की कॉम्प्युटर एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून गाडीला ड्रायव्हरच्या इच्छेकडे ढकलतो. बॉशने ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा आणली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये पत्रकारांनी अचानक आडव्या आलेल्या जनावराला चुकवण्याची चाचणी घेतली, त्यात मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीवर ईएसपी सरसकट बसवलं आणि छोट्या गाड्यांनाही त्याची गरज आहे हे सगळ्यांना पटलं. आपल्याकडे २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी, सुरू झालं, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ईएसपी लागतंच. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या टायरच्या दुकानात येणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या स्टिअरिंगखाली हा सेन्सर असणार आहे.

अंश मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. जुन्या पद्धतीत स्टिअरिंगच्या दांड्यावर खाचा पाडलेली चकती असते, एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारे दोन डोळे. दोन डोळे एकमेकांपासून पाव खाच सरकवलेले असतात, त्यामुळे आधी कुणाला उजेड दिसला यावरून दिशा कळते. पण ही चकती फक्त 'किती सरकलो' एवढंच मोजते. चावी फिरवली त्या क्षणी आपण मुळात कुठे आहोत हे तिला ठाऊक नसतं, ते गाडी सरळ चालली की शिकावं लागतं.

या गाडीत दुसरी, चुंबकाची पद्धत होती. दांड्यावरचं मोठं दातेरी चक्र दोन छोट्या चक्रांना फिरवतं. त्या दोन छोट्या चक्रांच्या दात्यांच्या संख्येत एकाचाच फरक असतो. दोघांच्या पोटात चुंबक, आणि समोर चुंबकाची दिशा वाचणारी चिप. प्रत्येक छोटं चक्र पुन्हा पुन्हा त्याच जागी येतं, पण दोघांची जोडी एका विशिष्ट स्थितीत फार क्वचित जुळते. संकष्टी दर महिन्याला येते, मंगळवार दर आठवड्याला येतो, पण दोन्ही एकत्र आले की अंगारकी, आणि ती वर्षातून एखाद-दोनदाच. तसंच हे. जोडी पाहिली की स्टिअरिंग कितव्या फेऱ्यात आणि किती अंशावर आहे ते चावी फिरवताक्षणी कळतं, बॅटरी काढलेली असताना कुणी फिरवलं असलं तरीही. बॉशचा या प्रकारचा सेन्सर दोन्ही बाजूंना ७८० अंशांपर्यंत मोजतो, आणि अंशाच्या दहाव्या भागापर्यंत फरक ओळखतो.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट अशी की या गाडीत सेन्सर खाली कॉलमच्या (स्टिअरिंगखालच्या खांबाच्या) दांड्यावर बसलेला आहे, वरच्या, हातातल्या स्टिअरिंगच्या चाकावर नाही. चाक दांड्यावर दात्यांत बसतं. चाक काढून एक दात सरकवून बसवलं तर डोळ्यांना फरक दिसतो, सेन्सरला काहीच कळत नाही.

तक्रार

जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मॅडम गाडी घेऊन आल्या. ईएसपीचा पिवळा दिवा. गाडी सुरू करताना येतो आणि जातो, तसा जायचा. पण हायवेला किंवा पाटण रोडला लागून दहा-बारा मिनिटं झाली की पुन्हा पेटायचा आणि गाडी बंद करेपर्यंत तसाच राहायचा. बंद करून पुन्हा सुरू केली की गायब.

त्याआधी त्या एका दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन आल्या होत्या. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून सांगितलं होतं की स्टिअरिंग अँगल सेन्सर गेलाय, सुटा मिळत नाही, कॉलमसकट बदलावा लागेल. खर्च पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, "दादा, अजून एक. घाटात ना, डाव्या वळणाला गाडी जरा विचित्र करते."

मी म्हटलं, "पाऊस आहे मॅडम, रस्ता निसरडा आहे. हळू न्या."

पहिली भेट आणि माझी चूक

स्कॅनर लावला. एकच कोड होता, स्टिअरिंग अँगलची किंमत विसंगत असल्याचा. सेन्सरशी संपर्क तुटल्याचा किंवा सर्किट तुटल्याचा कोड नव्हता. इथेच थांबायला हवं होतं. संपर्क तुटला तर सेन्सर बोलत नाही असा अर्थ होतो. किंमत विसंगत असेल तर सेन्सर बोलतोय, पण त्याचं म्हणणं इतरांशी जुळत नाही. कोण चुकतंय हे कोड सांगत नाही.

मी कोड पुसला. कोड पडला त्या क्षणीचा वेग, अंश, यॉ ही सगळी नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असते, ती फ्रीझ फ्रेम वहीत न उतरवताच पुसला. गावातून तीन किलोमीटरची चक्कर मारली. सिग्नल, स्पीडब्रेकर, गर्दी. दिवा आला नाही. साडेसात वाजले होते, उद्या माहेरी जायचंय असं मॅडम म्हणत होत्या. "पुन्हा आला तर आणा," म्हणून मी गाडी दिली.

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. घाटमाथ्यावर चहाला थांबल्या होत्या. तिथून निघाल्यावर उतारावरच्या दुसऱ्याच डाव्या वळणावर गाडीने आपणहून उजवीकडे ओढ घेतली. खालून खर्रर्र आवाज आला, ब्रेकचं पॅडल पायाखाली थरथरलं आणि समोरून येणाऱ्या टेम्पोच्या अंगावर गाडी हातभर सरकली. त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं म्हणून निभावलं. "दादा, मी चालवत होते, पण गाडी दुसरंच कुणीतरी वळवत होतं," असं त्या म्हणाल्या. हे वाक्य मी विसरलेलो नाही.

मी त्यांना सांगितलं की गाडी चिपळूणलाच ठेवा, परत येताना एसटीने या. सोमवारी मी स्वतः जाऊन गाडी आणली, ईएसपीचं बटण बंद करून, घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. बंदचं बटण बऱ्याच गाड्यांत ईएसपी पूर्ण बंद करत नाही, हे माहीत होतं म्हणून वेग इतका कमी ठेवला की त्याला हस्तक्षेप करायची वेळच येऊ नये.

दुसरी भेट: तीन मोजमापं

या वेळी आधी विचारलं, मग हात लावला. दिवा पहिल्यांदा कधी आला? जूनच्या शेवटी. त्याआधी गाडीला काही झालं होतं? पाटणच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं होतं. त्यानंतर स्टिअरिंग वाकडं आलं, म्हणून टायरच्या दुकानात चाकांची दिशा जुळवून, म्हणजे अलाइनमेंट करून घेतली. "स्टिअरिंग एकदम सरळ करून दिलं त्यांनी," असं मॅडम म्हणाल्या. हे सगळं पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

पहिलं मोजमाप रस्त्यावर. सर्व्हिस रोडचा सपाट, सरळ तुकडा, ताशी ५० किलोमीटर, मदतनीस पोरगा बाजूला स्कॅनर घेऊन. स्टिअरिंगच्या आडव्या दांड्या डोळ्यांना सरळ दिसत होत्या, गाडी सरळ चालली होती. स्क्रीनवर अंश: उजवीकडे १०.६.

म्हणजे गाडी सरळ, चाक सरळ, आणि सेन्सर म्हणतोय की ड्रायव्हरने साडेदहा अंश उजवीकडे वळवलंय. कुणीही म्हणेल की सेन्सरचं शून्य हललंय. मीही तेच म्हणालो.

दुसरं मोजमाप उभ्या गाडीवर. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि स्टिअरिंग हळूच डावीकडे शेवटपर्यंत नेलं: ६२२. मग उजवीकडे शेवटपर्यंत: ६२४. पुन्हा करून पाहिलं, तेच आकडे.

इथे प्रकरण उलटलं. टोकाला स्टिअरिंग अडतं ते रॅकच्या, म्हणजे दांडा फिरला की आडवी सरकून टाय रॉडमार्फत चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीच्या, आतल्या थांब्यावर. दोन्ही थांबे रॅकच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतात. सेन्सरचं शून्य साडेदहा अंश सरकलं असतं, तर एका बाजूला ६३३ आणि दुसऱ्या बाजूला ६१२ च्या आसपास आकडे यायला हवे होते. ते सारखे आले. म्हणजे सेन्सरचं शून्य रॅकच्या बरोबर मध्यावर होतं, कंपनीतून आलं तसं. सरळ जाताना रॅक खरोखरच मध्यापासून उजव्या वळणाच्या दिशेने सरकलेला असायचा, आणि सेन्सर तेच सांगत होता. हलवलं गेलं होतं ते वरचं चाक.

तिसरं मोजमाप खात्रीसाठी. बॅटरीची निगेटिव्ह काढली, दहा मिनिटं थांबलो, एअरबॅग उतरवून तोंड वर करून बाकावर ठेवली. चाकाच्या नटावर आणि दांड्यावर कंपनीने ओढलेली रंगाची रेघ असते. ती तुटलेली होती. दोन तुकडे जोडून पाहिले तर बरोबर एक दात अंतर. या दांड्याला ३६ दाते आहेत, एक दात म्हणजे १० अंश.

मग गाडीखाली गेलो. उजव्या टाय रॉडच्या आट्यांवर एक चकचकीत, गंज नसलेला पट्टा दिसला, साधारण दीड मिलिमीटर. म्हणजे तो नुकताच एक फेरा फिरवलाय. डाव्या बाजूचा लॉकनट (रॉडची लांबी पक्की करणारा नट) गंजाने असा धरलेला की तो गेल्या दोन-तीन वर्षांत हलला नसावा. डावा रॉड खोलून बाकावरच्या काचेवर लोळवला. सरळ रॉड सुरळीत लोळतो. हा टक-टक करत उड्या मारत गेला. मधोमध जवळपास एक सेंटीमीटर वाक होता.

काय घडलं होतं

आता क्रम लागला. खड्ड्यात आदळून डावा टाय रॉड वाकला, म्हणजे त्याची लांबी थोडी कमी झाली. या गाडीत रॅक चाकांच्या मध्यरेषेच्या मागे आहे, त्यामुळे डावं चाक बाहेर, डावीकडे तोंड करून उभं राहिलं. अलाइनमेंटला गेल्यावर मशीनने टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती तोंड करून आहेत ते, चुकीचा दाखवला. दुरुस्ती डाव्या रॉडला हवी होती, पण तिथला लॉकनट निघेना. मग उजवा रॉड एक फेरा लांब केला. दोन्ही चाकांचा एकूण टो जुळला, स्क्रीनवर हिरवं आलं. पण आता दोन्ही चाकं मिळून डावीकडे पाहत होती, सरळ जायला स्टिअरिंग दहा अंश उजवीकडे धरावं लागत होतं. गिऱ्हाइकाला स्टिअरिंग वाकडं दिसू नये म्हणून स्टिअरिंगचं चाक काढून एक दात सरकवलं.

मी त्या दुकानात जाऊन आलो. भांडायला नाही, समजून घ्यायला. काम केलेला मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा होता. त्याने लपवलं नाही. म्हणाला, "डावा नट निघतच नव्हता, मागे चार गाड्या उभ्या होत्या. आमच्याकडे सगळे असंच करतात." खरं आहे, करतात. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीत यामुळे फारसं बिघडत नव्हतं, कारण दांड्याचे अंश वाचणारं तिथे कुणीच नव्हतं. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक बॅटरी न काढता उतरवणं किती धोक्याचं आहे, तेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता डाव्या वळणाचं. समजा मॅडमनी ६० अंश डावीकडे वळवलं. सेन्सरच्या लेखी ते ५० च. गाडी मात्र साठाच्या हिशोबाने वळतेय. कॉम्प्युटरला वाटतं, ड्रायव्हरने मागितलं त्यापेक्षा गाडी जास्त वळतेय, मागची बाजू निसटतेय. यावरचा त्याचा उपाय म्हणजे बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा, इथे उजव्या पुढच्या चाकाचा, ब्रेक. गाडी उजवीकडे ओढली जाते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे डाव्या वळणाची बाहेरची बाजू म्हणजे समोरून येणाऱ्यांची लेन. उजव्या वळणावर याच्या उलट, गाडी कमी वळतेय असं त्याला वाटून इंजिनची ताकद कमी होते. ते एवढं जाणवत नाही.

साडेदहा अंश चाकावर म्हणजे रस्त्यावरच्या टायरवर दोन तृतीयांश अंशसुद्धा नाही, कारण स्टिअरिंगचं गुणोत्तर सोळाला एकच्या आसपास आहे. तरी घाटाच्या वेगाला, ताशी ३५ धरली तर, गाडीच्या अपेक्षित वळण्यात सेकंदाला दोन अंशांच्या आसपास फरक पडतो. कोरड्या रस्त्यावर कॉम्प्युटर तो सोडून देतो. पण उतार, पाय ब्रेकवर, वजन पुढे, मागची चाकं हलकी, ओला रस्ता. मागची बाजू एरवी कळणारही नाही इतकी सरकते, आणि आधीच शिल्लक असलेल्या चुकीत ती भर पडून मर्यादा ओलांडली जाते.

आणि दिवा? हे कोडं सुटायला मला एक रात्र लागली. सरळ रस्त्यावर चारही चाकांचा वेग सारखा, यॉ शून्य, तरी अंश दहा. हे काही काळ सलग दिसलं की कॉम्प्युटर समजतो की अंशांवर विश्वास ठेवता येत नाही, दिवा लावतो आणि ईएसपी बंद करतो. म्हणजे दिवा पेटलेला असताना गाडी ओढत नव्हती. कराड ते कोयनानगर दिवा चालू, ईएसपी बंद, गाडी शांत. घाटमाथ्यावर चहाला थांबून पुन्हा चावी फिरवली की दिवा गेला, ईएसपी जागं झालं, आणि पुढे घाटात सरळ तुकडाच नाही, त्यामुळे चूक पकडायची संधी त्याला मिळेना. दिवा नसताना गाडी धोकादायक होती. मॅडमना मात्र चहानंतर दिवा गेलेला पाहून बरं वाटायचं.

तोललेले पर्याय

सेन्सर बदलणं आता बादच होतं. सगळ्या साखळीत तोच एकटा खरं बोलत होता. बदलला असता तर नव्या सेन्सरला शून्य शिकवताना गाडी सरळ उभी करून शिकवलं असतं, दिवा गेला असता, आणि पस्तीस हजारांनी काम झालं असं सगळ्यांना वाटलं असतं.

खरा मोह दुसऱ्या पर्यायाचा होता. स्कॅनरवर शून्य करण्याची आज्ञा आहे. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, स्टिअरिंगला हात न लावता बटण दाबायचं. पाच मिनिटं. कॉम्प्युटर ते साडेदहा अंश शून्य धरील, ईएसपी बरोबर वागेल, दिवा जाईल, घाटात ओढ थांबेल. रॅक मध्यापासून सव्वा मिलिमीटर सरकलेला राहील, तेवढ्याने गाडी अडत नाही. टाय रॉड मी काचेवर लोळवलेला नसता, तर मी हेच केलं असतं हे कबूल करतो. आणि हेच सगळ्यांत वाईट झालं असतं, कारण गाडीच्या अंगातला बिघाड सांगणारा एकमेव आकडा मी माझ्या हाताने पुसला असता. वाकलेला रॉड पुढच्या दणक्याला आणखी सहज वाकतो, तुटूही शकतो. तुटला तर ते चाक स्टिअरिंगचं ऐकत नाही.

ईएसपी बंद ठेवून चालवा, असा सल्लाही काही जण देतात. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या माणसाला मी तो देणार नाही.

उरला लांबचा मार्ग, मुळापासून सगळं जागेवर आणण्याचा. मॅडमना रॉड हातात दिला, काचेवर लोळवून दाखवला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "हा आधी बदला. बाकीचं मग सांगा."

काय केलं

डाव्या टाय रॉडचे दोन्ही भाग, आतला रॅक एंड आणि बाहेरचा टाय रॉड एंड, नवे टाकले. रॅकचा रबरी बूट फाटलेला नव्हता, तो तसाच ठेवला. डावं नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि त्याला धरणारा खालचा आर्म मोजून पाहिले, ते सरळ होते. उजव्या रॉडचा जुना लॉकनट सैल करून आट्या साफ केल्या आणि रॉड जुन्या जागी आणला.

स्टिअरिंगचं चाक कंपनीच्या रेघेवर परत आणलं. चाक उतरलेलं असताना क्लॉक स्प्रिंगची खूण मध्यावर आहे का ते पाहिलं. एअरबॅग आणि हॉर्नची वायर ज्या गुंडाळलेल्या पट्टीतून जाते ती ही. अर्धा-एक फेरा चुकीचा बसला तर पट्टी एक दिवस पूर्ण वळणावर ताणून तुटते आणि एअरबॅग निकामी होते. सुदैवाने ती हललेली नव्हती. नवा नट, टॉर्क रेंच.

मग अलाइनमेंट, या वेळी मी स्वतः शेजारी उभं राहून. आधी चारही टायरची हवा. मागच्या चाकांची दिशा पाहिली, कारण गाडी सरळ कुठे जाते ते मागची चाकं ठरवतात. स्टिअरिंग सरळ धरून अडकवलं, आणि डाव्या-उजव्या चाकाचा टो वेगवेगळा जुळवला. एकूण टो जुळणं पुरेसं नाही, प्रत्येक बाजूचा आकडा हिरवा हवा, हे मी त्या दिवशी तीन वेळा बोललो.

सगळं झाल्यावर स्कॅनर लावला. स्क्रीनवर ०.७. कुठलीही आज्ञा न देता. शून्य करण्याची गरज जवळपास नव्हतीच, पण अलाइनमेंटनंतर ते करायचं असं कंपनीच्या पद्धतीत आहे, म्हणून सपाट फरशीवर केलं, यॉ सेन्सरच्या शून्यासकट. क्रम मात्र हाच. आधी रॅक, मग रस्त्यावरची चाकं, मग हातातलं चाक, आणि कॉम्प्युटरचं शून्य अगदी शेवटी. उलट क्रमाने केलं की प्रत्येक जण आधीच्या चुकीवर शिक्का मारत जातो.

निकाल

हायवेवर चाळीस मिनिटं, दिवा नाही. मोकळ्या मैदानात डावीकडे आणि उजवीकडे सारखेच गोल मारले, यॉ आणि अंश दोन्हीकडे जुळत होते. नंतर पावसात मी गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरलो आणि चढलो, घाटमाथ्यावर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केली. काही झालं नाही. मॅडमना गाडी दिली ती त्यानंतरच. पाऊस संपेपर्यंत त्या सहा वेळा जाऊन आल्या. दसऱ्याच्या आधी सर्व्हिसिंगला आल्या तेव्हा सरळ रस्त्यावरचा आकडा ०.५ होता.

आज तीच गाडी आली तर

'विसंगत' असा कोड दिसला की कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वहीत उतरवायची. त्या शुक्रवारी मी ती पाहिली असती तर ताशी ७० च्या आसपास, यॉ शून्य आणि अंश दहा, असं काहीसं दिसलं असतं, आणि गाडी गावात फिरवून काही कळणार नाही हे तिथेच समजलं असतं.

टोकापासून टोकापर्यंतचं मोजमाप आता अंशाच्या प्रत्येक तक्रारीत पहिलं करतो. त्याला दोन मिनिटं आणि एक जॅक लागतो. आकडे सारखे आले तर सेन्सरला हात लावायचा नाही, गाडीखाली जायचं. वेगळे आले तरच शून्याचा किंवा सेन्सरचा संशय. अर्थात, आधी कुणी स्कॅनरने शून्य हलवून ठेवलं असेल तर ही चाचणी वेगळं बोलेल, म्हणून 'याआधी कुणी स्कॅनर लावला होता का' हा प्रश्न आधी.

गिऱ्हाईक जाता जाता म्हणतं ते आधी ऐकायचं. "डाव्या वळणाला" हे दोन शब्द मॅडमनी पहिल्याच दिवशी दिले होते. निसरडा रस्ता डावं-उजवं पाहत नाही. फक्त एकाच बाजूला होणारी तक्रार म्हणजे कुठलं तरी शून्य सरकलंय, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. आणि ईएसपीची शंका असलेली गाडी घाटात पाठवायची नाही. शुक्रवारी रात्री गाडी ठेवून घ्या म्हटलं असतं, तर त्या एसटीने गेल्या असत्या, एवढंच.

एक गोष्ट अजून माझ्या मनात नक्की झालेली नाही. कॉम्प्युटरने दिवा लावला, ईएसपी बंद केलं, हे बरोबरच. पण चावी पुन्हा फिरवली की आधीचा संशय विसरून कोऱ्या पाटीने सुरुवात करणं घाटातल्या माणसासाठी बरोबर आहे का? या गाडीत ते तसंच आहे. म्हणून अशा गाडीच्या मालकाला मी आता लिहूनच देतो: दिवा एकदा आला असेल तर बंद-चालू केल्यावर गेला तरी तो गेला असं धरू नका, आणि गॅरेजला येईपर्यंत घाट टाळा.

परवा त्याच टायरच्या दुकानातून त्या मुलाचा फोन होता. एक गाडी लिफ्टवर होती, डावा लॉकनट निघत नव्हता, काय करू म्हणून विचारत होता. मी म्हटलं, गंज सोडवायचा स्प्रे मारून अर्धा तास ठेव, रबरी बूट जपून नट थोडा तापव, आणि तरी नाहीच निघाला तर गिऱ्हाइकाला तसं सांग. स्टिअरिंगच्या चाकाला मात्र हात लावू नकोस.